शरदच्या गाडीचा टप

॥ श्री ॥

शेवगाव,
२० फेब्रुवारी १९७२

चि. सौ. विजयास,

अनेक आशीर्वाद. तुझे व जावईबापूंचे पत्र मंगळवारी पावले. भुसावळची थंडी ओसरली हे वाचून बरे वाटले. येथे थंडी कधी आली नि गेली ते आम्हाला कळलेच नाही.

शरदची गाडी परवा आली. नगरला त्याच्या पलटणीच्या मेसच्या मागे ताडपत्रीखाली उभी होती. ती घेऊन आला तो आसाराम, तिसगावचा. शरदच्या रणगाड्याचा ड्रायव्हर तोच. डिसेंबरच्या लढाईत त्या रणगाड्यातून जे तिघे जिवंत बाहेर आले त्यांतला एक. डाव्या कानाने ऐकू येईनासे झाले म्हणून पलटणीने पेन्शन देऊन घरी पाठवला आहे. मी म्हटले, आधी जेवून घे. तो म्हणाला, आधी गाडी पुसतो, लई धूळ खाल्लीय तिनं.

गाडी अंगणात उभी आहे. हिरवी, ठेंगणी, दोनच माणसांची. निवृत्त होऊन जाणाऱ्या कर्नलकडून शरदने ती घेतली तेव्हा मी त्याला म्हटले होते, की अर्धी गाडी घेतलीस, वरची अर्धी कुठे आहे. तो हसून म्हणाला, वरचीही मिळाली आहे, ट्रकने पाठवतो. तो लोखंडी टप तुला आठवत असेल. बोल्ट लावून बसवायचा, हवा तेव्हा काढून ठेवायचा. शरदने तो एक दिवसही बसवला नाही. अडीच वर्षे गोठ्याच्या मागे पडून आहे. उन्हाळ्यात तुझी आई त्यावर कुरडया वाळत घाले, पावसाळ्यात कोंबड्या त्याच्याखाली बसत. काल उलटा करून पाहिला. कडेचा पत्रा गंजून चाळणी झाला आहे, आतले अस्तर उंदरांनी नेले, मागची प्लॅस्टिकची काच हळदीसारखी पिवळी पडली आहे.

त्याच्या पलटणीच्या अधिकाऱ्यांचे पत्र आले आहे. गाडी मेसमध्ये शरदची आठवण म्हणून ठेवावी, चालती ठेवावी, अशी त्यांची इच्छा आहे. मी होकार कळवला. दिवाळीनंतर देईन, पण टप दुरुस्त करून, बसवूनच देईन, असे लिहिले आहे.

तुझी आई बरी आहे. कमी बोलते. जावईबापूंस नमस्कार. पत्र पाठवण्यात कंजूषपणा करू नये.

तुझा,
बाबा

---

भुसावळ,
५ मार्च १९७२

ती. बाबांस,

शि. सा. न. वि. वि.

तुमचे पत्र वाचून हे म्हणाले, की सायकलची हवा भरायलासुद्धा जे सासरे बारक्या सायकलवाल्याच्या दुकानापर्यंत सायकल ढकलत नेत, ते आता मोटारीचा टप दुरुस्त करणार. मी हसले. खूप दिवसांनी हसले, म्हणून तुम्हाला कळवते.

पण बाबा, टप कशासाठी? शरदला तो कधीच नको होता. माझ्या मंगळागौरीला तो मला घेऊन नगरला गेला होता, तेव्हा मीच म्हटले होते की टप बसव, केस विस्कटतात. तो म्हणाला, छप्पर हवं असेल तर एस.टी.ने जा, तिकीट मी काढून देतो. गाडी मेसला द्यायची हे फार योग्य केलेत. ती जशी तो चालवायचा तशीच द्यावी, असे मला वाटते. तुमचे मन दुखवायचे नाही, पण मनात आले ते लिहिले.

आई पत्राच्या शेवटी दोन ओळी लिहायची, त्या या वेळी नव्हत्या. ती जेवते ना नीट? तिचा कान दुखतो का अजून? तिला इकडे पाठवा म्हणून मी दोनदा लिहिले. उत्तर येत नाही.

आम्ही सुखरूप आहोत. तुम्ही दोघांनी जिवाला जपावे, एवढेच मागणे.

तुमची,
विजया

---

॥ श्री ॥

शेवगाव,
१४ मे १९७२

चि. सौ. विजयास,

अनेक आशीर्वाद. उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. हात घासकागदाने इतके सोलले होते की टाक धरवत नव्हता.

आसाराम आठवड्यातून दोनदा तिसगावहून येतो. गोठ्यातच आमचे काम चालते. आधी सगळा जुना रंग खरवडून काढला. चार थर निघाले, हिरव्याखाली पांढरा, त्याखाली पुन्हा हिरवा. गंजलेला पत्रा कापून नवा झाळून घेतला. बाजारपेठेतल्या वेल्डिंगवाल्याने पहिल्यांदा इतकी आग दिली की पत्रा पापडासारखा मुरडला. तो पुन्हा कापावा लागला. मग खळग्यांत लांबी भरणे, घासणे, पुन्हा भरणे. मागच्या काचेसाठी पुण्याहून नवीन प्लॅस्टिक मागवले आहे. काचेभोवतीची रबरी पट्टी कोठेच मिळत नाही. आईने आपल्या हाताने अस्तराचे कापड बेतून दिले. कशासाठी, काय, काही विचारले नाही.

टप कशासाठी, असे तू विचारलेस. आधी फक्त गाडी पुरी करून द्यावी, एवढेच मनात होते. लिहू की नको या विचारात दोन महिने गेले.

होळीच्या सुमारास मी आसारामला विचारले, की शरद नक्की कसा गेला. पलटणीच्या पत्रात शौर्य वगैरे सगळे होते, पण कसा ते नव्हते. तो बराच वेळ पत्रा घासत राहिला. मग त्याने सांगितले. रणगाड्याला वर लोखंडी झाकण असते. ते लावले की आतला माणूस सुरक्षित, पण बाहेरचे दिसते ते फटीतून दिसेल तेवढेच. शरद झाकण उघडून छातीपर्यंत बाहेर उभा होता. बाजूला गोळा फुटला, त्याचा तुकडा लागला. आत बसलेल्या तिघांना खरचटलेही नाही, एकट्या आसारामचा कान गेला. मी विचारले, झाकण का नव्हते लावले. तो म्हणाला, साहेब, झाकण लावल्यावर त्यान्ला पुढचं दिसंना, आन् त्यान्ला दिसलं न्हाई तर आमी तिघं बी आंधळे.

त्यानंतर मला झोप लागेना. बाप म्हणून मी त्याच्या डोक्यावर काय काय धरले होते, याची रात्रंदिवस उजळणी चाले. त्याने किती वेळा म्हटले, बाबा, एकदा बसा, नगरपर्यंत तरी चला. बिनछपराच्या वाहनात वकिलाने बसू नये, असे मी ऐटीत म्हणत असे. आता टप होतो आहे. मला दुसरे काही करता येत नाही, विजू.

हे तुझ्या आईला सांगितलेले नाही. तिला सोसणार नाही. तूही लिहू नकोस. आणखी एक, आसाराम मला गाडी चालवायला शिकवतो आहे. यावर जावईबापूंनी जे काही म्हणायचे असेल ते त्यांनी मनात म्हणावे.

तुमच्या खुशालीच्या वाटेकडे डोळे लावून,
बाबा

---

तिसगाव,
२ ऑगस्ट १९७२

सौ. विजयाताईस आसारामचा रामराम. पत्र लिहिन्यास कारन की तुमचं पत्र पोचलं. तुमी वकीलसाहेबांच्या तब्येतीचं इचारलं, तर काळजी करू नये. तब्येत बरी हाय. जेवन कमी हाय.

गाडी आता बरी चालवत्यात. पयले पंधरा दिवस लई ताप दिला. माळावर शिकवायला नेलं तर मोकळा माळ सोडून धोंड्यावरच घालायचे. मी वरडलो तर मलाच म्हनायचे, पुरावा काय, धोंडा जाग्यावर हुता कशावरून. आता नगरला जाऊन लायसन बी काढलं. घाटात मातुर मी संगं जाईन म्हनलं तर न्हाई म्हनत्यात. दोनच मानसं बसत्यात, आन् दुसरी जागा कुनाची ते ठरलंय म्हनले.

टप बसवून पायला तर मागनं बोटभर वर ऱ्हाईला. माझीच चूक. कड ठोकताना एका अंगाला जास्त ठोकली. साहेबांनी पुन्ना काढला, पुन्ना बसवला. रबराची पट्टी मी रानगाड्याच्या जुन्या सामानातनं पलटनीतल्या दोस्ताकडनं आनली. आता पानी आत येत न्हाई. म्हंजे घागर वतून पायली, पावसाचा तर औंदा पत्त्या न्हाई. रानात कुसळ बी न्हाई ताई.

तुमी लिवलं की आईसाहेबांना शरदसाहेब कसे गेले ते कळू देऊ नको. ताई, माफी करा. मी गाडी घेऊन आलो त्याच दिशी आईसाहेबांनी मला चुलीपाशी बसवून इचारलं. माज्या ताटात भाकरी वाढली आन् म्हनल्या, खोटं बोलशील तर ही तुला पचायची न्हाई. मी समदं सांगितलं. त्या रडल्या न्हाईत. म्हनल्या, यांना सांगू नकोस की मला ठावं हाय, यांना सोसनार न्हाई. आता दोघांच्या मधी मी गप बसून पत्रा घासतोय. तुमी शिकलेल्या, तुमीच काय ते बघा.

घरच्या समद्यांस रामराम सांगावा. चुकभूल पोटात घालावी.

आसाराम

---

भुसावळ,
१० सप्टेंबर १९७२

ती. सौ. आईस,

सा. न. वि. वि.

पत्र तुझ्या नावावर आहे, तेव्हा आधी तूच वाच. गेले महिनाभर मी दररोज तुला पत्र लिहायला बसते आणि कागद फाडते.

आई, तुला सगळे ठाऊक आहे हे मला कळले आहे. तुला सोसणार नाही म्हणून बाबा बोलत नाहीत. त्यांना सोसणार नाही म्हणून तू बोलत नाहीस. एका घरात राहून तुम्ही एकमेकांसाठी इतके गप्प आहात, की इथे मला त्याचा आवाज ऐकू येतो. तू काय करावेस हे मी कोण सांगणार? पण दिवाळीनंतर बाबा गाडी पोचवायला नगरला जातील, तेव्हा त्यांच्या शेजारी तू बस. त्यांनी दुसरी जागा कोणाला द्यायची ते ठरवले आहे म्हणे. तुला अजून विचारले नसेल, तर ते त्यांना जमत नाही म्हणून. तू म्हणायचीस, वाऱ्याने कान दुखतो. आता तर टप झाला आहे.

दिवाळीला आम्हाला येता येणार नाही. यांना रजा नाही. माझा जीव मात्र तिकडेच आहे, तो जपून ठेव.

तुझी,
विजू

---

शेवगाव,
२६ नोव्हेंबर १९७२

चि. सौ. विजूस,

खूप खूप आशीर्वाद. इतकं मोठं पत्र मी कधी लिहिलं नाही, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

गुरुवारी गाडी पोचवली. सकाळी मी शालू नाही, साधं लुगडंच नेसले, दशम्या बांधून घेतल्या आणि जाऊन गाडीत बसले. तुझ्या बाबांनी विचारलं नव्हतं, मी सांगितलं नव्हतं. त्यांनी नुसतं दार लावून घेतलं आणि दोनदा लागलं का ते पाहिलं.

टप फार सुरेख झाला होता विजू. आरशासारखा. आतून मी दिलेलं बदामी अस्तर. बाबांनी त्याच्यावर केलेले कष्ट मी बघत होते, कधी कधी गोठ्याच्या दाराआडून. पण आत बसल्यावर मला काही सुचेना. टप इतका खाली, की मान वाकवून बसावं लागे. बाजूच्या काचेतून रस्त्याची कड तेवढी दिसे, समोर पाहावं तर बोनेट आणि धूळ. अमरापूर गेलं ते मला पाटी मागे पडल्यावर कळलं. मी डोळे मिटले तर मला तोच दिसला, झाकणाखाली बसलेला, काही दिसत नसलेला.

तिसगावला आसारामाच्या दारात चहाला थांबलो. छबूबाई, त्याची बायको, गाडीभोवती फिरून म्हणाली, आता कशी शोभतीया. बाबा खूश झाले. तेव्हा मी त्यांना म्हटलं, हा टप काढता का.

त्यांना वाटलं, माझा जीव गुदमरला. म्हणाले, काच सरकवतो. मी म्हटलं, काच नको, टप काढा. त्याला बघायला हवं होतं म्हणून तो वर उभा राहिला. मलाही बघायचं आहे. आसारामाने हातातली कपबशी खाली ठेवली.  बाबा म्हणाले, तुला केव्हापासून माहीत आहे. मी म्हटलं, तुमच्या आधीपासून. त्यांनी एवढंच विचारलं, की मग एकटीच कशी राहिलीस.

 ज्या माणसाने सगळा उन्हाळा, सगळा पावसाळा त्या पत्र्यावर घातला, त्याला मी तो काढ म्हणून सांगत होते. माझं मला वाईट वाटत होतं, पण शब्द मागे घेतला नाही. त्यांनी सीटच्या मागून पाना काढला. एकेक बोल्ट स्वतः सोडवला, आसारामाला हात लावू दिला नाही. उचलायला मात्र आसाराम आणि छबूबाई दोघांनी हात दिला. टप त्यांच्या ओसरीवर ठेवला आणि आम्ही निघालो.

 करंजीच्या घाटापर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दुष्काळी कामावर बाया खडी फोडत होत्या. हातोड्या थांबवून आमच्याकडे बघत. म्हातारा-म्हातारी उघड्या गाडीत, मला लाज वाटली, मी पदर ओढून घेतला. घाट चढायला लागल्यावर तो पदर काही राहीना. वारा पोटात शिरत होता. बाबांची टोपी केव्हा उडाली ते आम्हा दोघांनाही कळलं नाही. ते काहीतरी म्हणाले, ते मला ऐकू आलं नाही. कान दुखतो का, असं असावं. मी मान हलवली.

वर आल्यावर त्यांनी गाडी बाजूला घेतली. खाली सगळा मुलूख पसरला होता. करपलेला, पिवळा, पण केवढा लांबवर. तिसगाव दिसत होतं, त्याच्या पलीकडचे डोंगर दिसत होते. बाबा स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते, आणि मग ते रडले. डिसेंबरापासून पहिल्यांदा, माझ्यासमोर. मीही रडले. खडीवाल्या बायांपैकी एक म्हातारी पाण्याचा तांब्या घेऊन आली. पाणी इतकं महाग असताना घेऊन आली. काय झालं म्हणून तिने विचारलं नाही.

मेसमधल्या पोरांनी गाडी ताब्यात घेतली. सगळी शरदच्या वयाची. एकाने विचारलं, सर, तुम्ही टप बसवून देणार असं लिहिलं होतं. बाबा म्हणाले, तिसगावला आहे, तुम्हाला लागला तर मागवा.  येताना एस.टी.ने आलो.

विजू, तो प्रत्येक सुट्टीत हे सांगायचा. घाटात वारा कसा लागतो, वर आल्यावर किती दिसतं, आई तू एकदा चल. मी ऐकायची. पण वाढता वाढता ऐकायची. भात हवा का, आमटी हवी का, याच्यामधून ऐकायची. एकदाही पळी खाली ठेवून त्याच्यासमोर बसले नाही.

तू संक्रांतीला ये. नुसती ये, आधी कळवायला नको. तुझ्यासाठी दार उघडंच आहे.

तुझी,
आई