आज वास नाही

४ मार्च
आजपासून लेकीकडे कायमचा राहायला आलो. दोन खोल्या, पुढे अंगण, आणि अंगणात माझी गाडी. जुनीच घेतली, पण मला नवीच. लेक पहाटे कारखान्यात जाते, त्यामुळे नातीला शाळेत सोडायचं काम माझ्याकडे; परत आणते लेकच. नातीला सगळे खारू म्हणतात, कारण ती दिवसभर काही ना काही कुरतडत असते. सात वर्षांची आहे. चावी फिरवून तिनेच गाडी सुरू केली. रोजचा हा मान तिचाच, असं ठरलं. चौथीपर्यंतच शिकलो, पण आजचा दिवस लिहून ठेवावासा वाटला.

६ मार्च
गाडीत पेट्रोलचा वास येतो. लेकीला सांगितलं तर ती हसत सुटली. म्हणाली, "बाबा, तुमचं नाक तुमच्या आधी रिटायर झालंय." खरंच आहे ते. चाळीस वर्षं पंपावर काढली, नाक त्या वासाला मेलंय. एकदा घरात पेट्रोलचा डबा कलंडला, तेव्हा शेजारी धावत आले आणि मी आपला तिथेच बसलेलो. लेकीला गाडीत वास येत नाही, खारूलाही नाही. मग मलाच कसा येतो?

९ मार्च
मिस्त्रीकडे नेली. टाकी, झाकण, पाइप सगळं कोरडं ठणठणीत. मनाचं समाधान होत नसेल तर सांध्यांवर खडूची पूड भुरभुरा, गळत असेल तिथे ओला डाग पडेल, असं त्याने शिकवलं. मग त्याने मागच्या सीटखालची चटई उचलली. तळाला नवा रंग दिलेला. नखाने खरवडला तर खाली काळंकुट्ट, जळाल्यासारखं. त्याने चटई परत घातली आणि म्हणाला, "काका, हा वास शोधू नका. गाडी परत करून टाका." का म्हणून विचारलं तर दुसऱ्या गाडीखाली शिरला. विकणाऱ्याच्या दुकानाला टाळं आहे. लेकीच्या मते तो नुसता गंज. शाळा लांब, दुसरी सोय नाही.

१२ मार्च
खारू मागे बसली की वास येतो. ती उतरली की जातो. आज तिच्या वेणीलाही आला. मलाच.

१३ मार्च
दुपारी पूड भुरभुरली. तासाभराने गाडीखाली शिरून पाहिलं. ओलं कुठेच नाही. पण मागच्या सीटखाली, पेट्रोलच्या पाइपच्या सांध्यावर चार बोटं उमटलेली. लहान. खारूवर ओरडलो, ती रडवेली झाली. काडीने माप घेऊन तिच्या हाताला लावून पाहिलं. तिची बोटं मोठी आहेत. आणि तिथे तर माझाच हात जेमतेम पोचतो.

१५ मार्च
पूड पुसली, नवी टाकली. पुन्हा तीच बोटं. त्याच सांध्यावर. जणू कोणी दाखवतंय — इथे, इथे.

१६ मार्च
जेवण गेलं नाही. खारूचं काही बरंवाईट झालं तर लेकीला तोंड कसं दाखवू? पक्कड घेऊन गाडीखाली गेलो. तोच सांधा आवळला. आणखी आवळला. कट्ट झालं. म्हटलं, बसला घट्ट. बाहेर येताना वाटलं, मागच्या सीटवर कोणी पाय हलवतंय —
खारू शाळेत होती.

१७ मार्च, सकाळ
वास नाही! चारही दारं उघडून, आत डोकं घालून हुंगलं. काही नाही. किती दिवसांनी छाती हलकी झाली. मिस्त्रीला जे जमलं नाही ते म्हाताऱ्याने केलं. खारू चावी घेऊन पुढे पळाली. चहा संपेपर्यंत खिडकीशी एवढं लिहून घेतो —

गाडीतून ओरडतेय. नाक दाबून. "आजोबा, आज केवढा वास मारतोय!"

तिला तर कधीच — आणि मला आज काहीच —

माझं नाक तर मेलेलं —

खारू, चावी फिर