मधे उतरता येत नाही

२ फेब्रुवारी
म्युनिकच्या मशीन-प्रदर्शनाचा पास आला. सुनीता म्हणाली, एवढ्या लांब जातोय तर प्राग, व्हिएन्नाही करू. बरं म्हटलं. विमानाचं झालंय, राहिली आतली रेल्वे. दुपारी कागलला वर्कशॉपमध्ये बसून साइट उघडली. अकाउंट नित्यानं काढून दिलेलं. "दादा, सगळं भरून दिलंय, तू फक्त तिकीट काढ." धाकटा भाऊ तिकडून तीन वर्षं बोलवत होता. मी काढलं नाही. ऑर्डरी होत्या म्हणे!
'कुठून'च्या रकान्यात आपोआप त्याच्या गावाचं नाव आलं. पुसलं. पान बदललं, परत आलं. लॅपटॉप मिटून टाकला.

५ फेब्रु.
आज नेट लावून बसलो. दोन तऱ्हा. स्वस्त तिकीट एकाच गाडीला बांधलेलं, मधे उतरलात की पुढचं बाद, पैसे परत नाहीत. दुसरं मोकळं. कुठंही उतरा, मागची गाडी धरा. पण जवळजवळ तिप्पट.
म्युनिक-प्राग गाडी नित्याच्या गावावरूनच जाते. मी हिशेबी माणूस आहे, हे किती सोयीचं.

६ फेब्रु.
सु. भाकरी थापत होती तेव्हा सांगितलं, स्वस्तातली घेतो.
"आन् भावजींचं गाव?"
"गाडी जातीय की तिथनं. दिसंल खिडकीतनं."
"घाटावर तुमी बघतो म्हणून सांगितलं न्हवतं. उतरतो म्हणून सांगितलं व्हतं."
जेवण गेलं नाही.

७ फेब्रु.
एकदा लिहूनच टाकतो. नित्या ऑफिसला जाताना तिथल्या फलाटावरच कोसळला. हार्ट. लग्नही झालं नव्हतं. त्याला इथं आणला. दहाव्याला पंचगंगेवर पिंड ठेवला, कावळे समोर बसलेले, एक शिवेना. तास गेला. गुरुजी म्हणाले, काय राहिलं असेल ते बोला. आई बोलली. काका बोलले. शेवटी मी हात जोडून मोठ्यानं म्हणालो, "नित्या, येतो मी तुझ्या गावाला. तुझ्या स्टेशनवर उतरतो."
वाक्य पुरं व्हायच्या आत कावळा शिवला.
लोक म्हणाले, सुटला बिचारा. मी त्या दिवसापासून कावळ्याकडं सरळ बघत नाही. त्याला जिवंतपणी नाही म्हणत राहिलो आणि तिथं एका दमात कबूल झालो. मला त्या फलाटाची भीती वाटते. बास.

१० फेब्रु.
काढली. स्वस्तातली, सगळीकडची.
बटण दाबलं आणि शेडच्या पत्र्यावर कावळा ओरडायला लागला. कॉम्प्रेसर चालू, तरी ऐकू येत होता. हाकलायला बाहेर आलो. पत्रा मोकळा. मिस्त्रींना विचारलं, कुठं गेला?
"कावळा? न्हवता की ओ, मालक."

११ फेब्रु.
ही जलद गाडी, तिथं थांबतच नसेल, असं धरून चाललो होतो. वेळापत्रक उघडलं. थांबते. दोन मिनिटं. त्यापेक्षा थांबत नसती तर...

१५ फेब्रु.
आईनं भडंग केलं. डबा माझ्या हातात दिला.
"फोनवर दर खेपंला मागायचा. त्याच्या फलाटावर मूठभर ठेव, संजू. ऱ्हायलेलं तुमी खावा."
"आई, ती गाडी..."
"काय गाडी?"
"काय न्हाय."
घाटावर ती माझ्या शेजारीच उभी होती. तिनं ऐकलंय. तिकिटाचे नियम तिला मी सांगणार नाही, माझ्यात हिंमत नाही.

१७ फेब्रु.
मोकळ्या तिकिटाचं पान पुन्हा उघडलं. अजून मिळतंय. 'कुठून'मध्ये त्याचं गाव. या वेळी पुसलं नाही, पण पुढंही गेलो नाही.

१८ फेब्रु.
उद्या निघायचं. बॅगा भरल्या. भडंगाचा डबा मी मोठ्या बॅगेत तळाशी घातला होता, कपड्यांखाली. संध्याकाळी बघतो तर सु.नं तो काढून हातातल्या पिशवीत ठेवलाय, सगळ्यात वर. चेन अर्धी उघडी.
"उतरणार हाय का न्हाय, तेवढं सांगा."
"खिडकीची सीट हाय," म्हटलं.
ती पासपोर्ट बघायला गेली.
दोन मिनिटं म्हणजे डबा घेऊन दारापर्यंत जायला पुरतात. डबा अजून वरच आहे. मी काढून परत तळाशी घातला नाही.