तिसऱ्या भागाविषयी माझं मत

प्रिय हिंदातू,

तुझ्या पुस्तकाच्या पाठीवर छापलेला नंबर मी भांडायला म्हणून लावला आणि पलीकडून तू हसलीस, तिथे माझं सगळं बदललं. मी तुला सुनावत होतो की धुळीच्या वाऱ्याच्या दिवसांत, ऐन थंडीत, नवरीच्या अंगणातल्या चिंचेवर करकोचे येतीलच कसे. करकोचे पावसाबरोबर येतात आणि पावसाबरोबर जातात, एवढं आमच्या न्गुरूच्या तळ्याकाठचं शेंबडं पोरही सांगेल. तू सगळं शांतपणे ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, “बोलण्यावरून कानुरी दिसताय. तरीच. आमचे गुलाम हल्ली वाचायला शिकले म्हणायचे.” फुलानीने कानुरीला गुलाम म्हणायचं आणि कानुरीने ते व्याजासकट परत करायचं, हा आपल्या दोन जमातींचा वाडवडिलांपासूनचा थट्टेचा खेळ खरा, पण एका लेखिकेच्या तोंडून, तोही पहिल्याच फोनवर! मी म्हणालो, दूधवाल्यांच्या मुलींनी आधी ताक घुसळायला शिकावं, मग करकोचे लिहावेत. तू पुन्हा हसलीस. झालं. माझा निकाल तिथेच लागला होता, मला कळायला उशीर झाला एवढंच.

आता तोच नंबर साऱ्या कानो शहरातल्या बायकांसाठी चालू आहे आणि फक्त माझ्यासाठी वाजून वाजून बंद पडतो. म्हणून हे पत्र. रागावलेली आहेस, माहीत आहे. पण वाचक म्हणून माझा हक्क तू अजून काढून घेतलेला नाहीस, तेव्हा या महिन्यातल्या पुस्तकांवरची माझी मतं आधी देतो. नेहमी आवाज टेप करून पाठवायचो, आज हाताने लिहितोय. अक्षराला हसू नकोस.

मालम इनुवांच्या पुस्तकांच्या दुकानात या महिन्यात प्रेमकथांचा नुसता पूर आला आहे. पुढच्या फळीवर त्याच, मागे बिचारी निसर्गाची पुस्तकं, मी बसतो त्या स्टुलाजवळ, म्हणजे मी आणि ती एकाच रांगेत. सगळ्यात जास्त खपतेय ‘बारा पेट्या’. तुला सांगतो, वाचू नकोस. नायक पांढऱ्या गाडीतून उतरतो, नायिका चक्कर येऊन पडते, दवाखान्यातला डॉक्टर नायकाचा मित्र निघतो. या मुली जेवत नाहीत का काही? मला विचारशील तर सकाळी वाटीभर बाजरीची पेज आणि चार चवळीचे वडे पोटात गेले असते तर अर्ध्या प्रेमकथा घडल्याच नसत्या. आणि त्यात तो कापडाचा व्यापारी. जाडा, घामट, बोटाबोटांत अंगठ्या. सगळ्या कादंबऱ्यांत कापडवाले असेच असतात. ही शुद्ध फसवणूक आहे, हिंदातू. शुक्रवारी तुझ्या घरी ज्याच्याकडून लग्नाच्या कपड्यांच्या पेट्या यायच्या आहेत तो कापडवाला मी स्वतः बाजारात जाऊन पाहून आलो. उंच आहे, सडपातळ आहे, आणि मी उगाचच लुगड्याचा भाव विचारला तर त्याने मला बसायला स्टूल दिलं, थंड पाणी दिलं. असा माणूस कादंबरीत घातला तर वाचकाने कुणाचा द्वेष करायचा?

‘मीठ कमी पडलं’ मात्र चांगली आहे. नवरा-बायको आमटीवरून भांडतात, बस, एवढीच गोष्ट. कुणी मरत नाही, कुणी अबुजाहून येत नाही. ती रागाने भोपळ्याच्या वाडग्यात मीठ ओतते आणि तो अख्खा वाडगा पितो, पाणी न मागता. मी ते पान दुकानात मोठ्याने वाचलं तेव्हा शेजारच्या दुकानात पाव घ्यायला आलेली बाई पाव विसरून उभी राहिली. लेखिका नवी आहे. मी फोन लावला होता, तिच्या नवऱ्याने उचलला आणि म्हणाला, आमटी खरी आहे.

निसर्गाच्या पुस्तकांना तू नाक मुरडतेस. त्यात कुणी कुणाला हो की नाही विचारत नाही, हे तुझं म्हणणं. यंदाचं मोठं पक्ष्यांचं पुस्तक आलंय, जाड, चकचकीत, त्याबद्दल तू म्हणतेस ते खरं आहे. आमच्या तळ्याचे फोटो इतके सुंदर की मला माझं गाव ओळखू येईना. बदकं आहेत, बगळे आहेत, उगवता सूर्य आहे आणि तळ्यात एक माणूस नाही. जाळी कोण टाकतं मग? मासे धुरावर कोण धरतं? माझ्या बहिणीचं, यागानाचं, अर्धं आयुष्य त्या धुरात गेलं, तिला एका कोपऱ्यात तरी उभं करायचं होतं. पण दुसरं एक छोटं पुस्तक आहे, गोरखचिंचेवरचं. वनखात्यातून निवृत्त झालेल्या एका म्हाताऱ्याने लिहिलंय, एकेका झाडावर एकेक प्रकरण. कुठल्या झाडाची पानं आमटीला गोड, कुठल्याच्या ढोलीत वटवाघळं, कुठल्याखाली त्याची बायको पहिल्यांदा त्याच्याशी बोलली. ते झाड पडलं तेव्हा हा माणूस लांबून गाडी करून बघायला गेला. एवढंच लिहिलंय, बघायला गेलो, आणि प्रकरण संपलं. ते पुस्तक मी तुझ्यासाठी बाजूला काढून ठेवलंय. प्रेमकथा आहे, कव्हरवर झाड आहे म्हणून फसू नकोस.

आता तुझ्या पुस्तकाकडे येतो. इतका वेळ टाळत होतो ते हेच.

भाग दोन बाजारात आला त्या दिवशी मी पहिली प्रत उघडली. तुझ्या नायकाने, इल्यासूने, भर वर्गात शिक्षकाशी भांडून कॉलेज सोडलं हे वाचून माझे कान तापले, कारण ते भांडण मी कुठे ऐकलं होतं हे मला बरोबर माहीत होतं. त्याआधी आमच्या कॉलेजातल्या सरांनी एका मुलीच्या पिशवीतून तुझं पुस्तक काढून वर धरलं आणि चूल पेटवायला बरं म्हणाले. मी उठलो, बोलायचं ते बोललो, माफी माग म्हणाले तर दार आपटून बाहेर पडलो. मला वाटलं तू खूश होशील. तू म्हणालीस, “माझ्या पुस्तकापायी कॉलेज सोडणाऱ्याला मी तिसऱ्या भागातसुद्धा घेणार नाही.” आणि तरी दुसऱ्या भागात घेतलंस. तो फाटक्या चपलांनी हिंडतो, नायिकेच्या घरी दुसऱ्याच्या पेट्या यायच्या आहेत, ती दाराआड उभी आहे आणि बापाने विचारलं तरी बोलत नाही. मुलीचं गप्प राहणं म्हणजे होकार, असं घरातले धरून चालले आहेत. आणि तिथे तू भाग संपवलास.

मग तुझा फोन आला. तू कधी आपणहून करत नाहीस. म्हणालीस, तिसरा भाग छापखान्यात जायचाय, वाचकांची मतं घेतेय, तू सांग, इल्यासूने काय करावं? मी चिडलेलो होतो. दुपारीच त्या कापडवाल्याचं थंड पाणी पिऊन आलो होतो. मी म्हणालो, जाऊ दे त्याला गावी, मासे पकडू दे, तिला पेट्याच हव्या आहेत. वर आणखी मत दिलं की दुसऱ्या भागाच्या शेवटच्या प्रकरणात तू एक म्हातारा कानुरी काका उगाच आणून बसवला आहेस, तो काही करत नाही, नुसता मासे विकतो आणि खोकतो, तिसऱ्यातून त्याला काढून टाक, पानं वाचतील.  तू नुसतं म्हणालीस, “काढते,” आणि फोन ठेवलास.

तेव्हापासून मी गाढवासारखा वावरत होतो. परवा यागाना आली, न्गुरूहून, मोदूकाकांबरोबर, सुक्या माशांची पोती घेऊन. तिला वाचता येत नाही, पण तुझी पुस्तकं ऐकल्याशिवाय ती वडे तळत नाही. मी तिला भाग दोन शेवटपर्यंत वाचून दाखवला आणि तुझ्या फोनचीही हकिगत सांगितली, तक्रार म्हणून. काका कोपऱ्यात जाळ्याची गाठ सोडवत खोकत होते. यागानाने कढईतला झारा माझ्याकडे रोखला. म्हणाली, “गधड्या, फुलानीची मुलगी तोंडाने सांगेल का तुला, मागणी घालायला काका पाठव म्हणून? तिने काका पुस्तकात आणून बसवला, अजून काय करायचं तिने?”

माझ्या हातातून पुस्तक पडलं. तेलात पडलं नाही हे नशीब.

आणि मला एकेक पान उलटं दिसायला लागलं. तो काका मासे का विकतो. तो नायिकेच्या बापाला बाजारात गुलाम म्हणून हाक मारतो आणि बाप रागावण्याऐवजी हसतो, हे वाक्य तू का घातलंस. मी त्याला उगाच बसवलेला म्हणालो होतो!

मोदूकाका मला काही बोलले नाहीत. त्यांनी मला कॉलेज सोडल्यापासून नीट उत्तर दिलेलंच नाही. त्यांनी जाळं खाली ठेवलं आणि यागानाला विचारलं, मुलीचा बाप कोण? गुरांच्या बाजारातले अल्हाजी म्हटल्यावर त्यांचा खोकला थांबला. “तो? तो तर माझा जुना गुलाम आहे. त्याच्या बापाला माझ्या बापाने एका सुक्या माशात विकत घेतलं होतं.” तुला सांगतो, इतकं प्रेमाने त्यांनी कुणाबद्दल बोललेलं मी ऐकलेलं नाही. मी लगेच म्हणालो, मग आत्ताच जाऊ, मीही येतो. त्यावर दोघांनी मिळून मला जे झापलं ते लिहीत नाही. मुलाने स्वतः मुलीच्या बापासमोर उभं राहायचं? तुझी जीभ त्या दारापासून जितकी लांब राहील तितकं बरं, असं काका म्हणाले. आणि मग म्हणाले, “मी तुझ्यासाठी एक दार ठोठावतो. तू माझ्यासाठी एक ठोठाव. तू आपटलंस ते.”

आज सकाळी काकांनी पांढरा झगा घातला आहे, धुराचा वास तरी जात नाही. परातीत मागणीला न्यायच्या कोलाच्या बिया आहेत, मोठ्या, लाल, मी स्वतः एकेक निवडून घेतल्या. काका पुढच्या दाराने अल्हाजींकडे जातील आणि उंबऱ्यातूनच ओरडतील, गुलामा, धन्याला बसायला चटई घाल. अल्हाजी हसले तर पेट्यांचं पुढे काय ते मोठी माणसं बघतील. न हसले तर, काका म्हणतात, पुन्हा ओरडेन, मला घाई नाही. यागाना मागच्या दाराने तुझ्या आईकडे येईल आणि हे पत्र तुझ्या हातात देईल. तेव्हा आता माझं खरं मत ऐक, छापखान्याला कळवायच्या आधी. काकाला काढू नकोस. इल्यासूला गावी पाठवू नकोस. तुझ्या नायिकेला सांग की बापाने पुन्हा विचारलं तर तिने या वेळी गप्प राहू नये. आणि लग्न पावसाळ्यात धर. यागाना म्हणते, न्गुरूच्या चिंचांवर पहिले करकोचे उतरले आहेत, म्हणजे तुझं ते जुनं वाक्यही खरं ठरेल आणि मला फोन करून भांडायला कारण उरणार नाही. मी शोधीन दुसरं. आता हे पत्र यागानाला देतो आणि कॉलेजात जातो, त्याच सरांच्या खोलीशी. माफी मागेन की नाही माहीत नाही, परत बसू द्या एवढं नक्की मागेन, आणि तुझं पुस्तक खिशात असेल, ते मी लपवणार नाही. यागाना परात डोक्यावर घेऊन उभी आहे, लवकर कर म्हणते. निघालो. दार ओढून घेतोय, हिंदातू. हळूच.

तुझाच, आणि तुझ्या बापाच्या धन्याचा पुतण्या,
बुकार