प्रवाशांच्या यादीत

लारांटुका, रविवार

मेल्या विली,

मलेशियातल्या पामच्या मळ्यावर गेलास आणि सहा वर्षं चकार शब्द नाही. एका रविवारी रागाच्या भरात मी चर्चच्या प्रार्थनायादीत तुझं नाव मयतांखाली लिहिलं. दर रविवारी यादी वाचणारे कोर्नेलिस आजोबा तिथं थबकले, माझ्याकडे पाहिलं, आणि तुझं नाव मयतांऐवजी प्रवाशांच्या नावांत वाचलं.

बाहेर मी भांडले. "चुकीचं वाचलंत!"

"चष्मा जुना झालाय गं, पोरी."

तो चष्मा पुढं दर रविवारी तस्साच चुकला आणि अख्खा गाव तुझ्यासाठी "प्रभू, आमचं ऐक" म्हणत राहिला.

परवा आजोबांना पुरलं. आज यादी मी वाचली. मयतांत कोर्नेलिस आजोबा, प्रवाशांत तू. आणि मला तर चष्माही नाही.

पत्ता नसलेल्या भावाची,
रेनिल्डाताई