शाळिग्रामाला गंज चढला तेव्हा

अहो डॉक्टर,

तुम्ही जाऊन वर्ष व्हायला आलं आणि मी आत्ता लिहितेय, ते जाब विचारायला. निनाद गुरुवारी मिल्टन कीन्सहून देव न्यायला येतोय. "आई, मी हाफ डे घेतला, न्यू हाउसमध्ये देवघर रेडी झालं," म्हणाला. आणि इथे साउथहॅम्प्टनला आपल्या शाळिग्रामाने देवाचं वस्त्र तांबूस केलंय. सासूबाईंच्या हातून रोज न्हाऊन जो गंजला नाही, तो आता गंजतो?

फ्रिजवरचं मॅग्नेट काढून लावलं. चिकटलं हो!

संशय मला तेव्हाच यायला हवा होता. टीमचे डॉक्टर म्हणून अंटार्क्टिकाला गेलात, आकाशातून पडलेले दगड शोधायच्या मोहिमेवर. सासूबाईंनी शाळिग्राम तुमच्या कोटाच्या खिशात घातला. "जसा नेतोस तसा आण," म्हणाल्या. परत आलात, आणि ज्याला कधी उदबत्ती लावायचं सुचलं नाही तो माणूस रोज पूजेला बसू लागला! आम्हा दोघींना शाळिग्रामाला हात लावू देईनात. अंघोळ नाही, कोरड्या फडक्याने नुसतं पुसायचं. "पाण्याने झीज होते गं." झीज? गंडकीत युगानुयुगं पडलेल्या दगडाची? तुमच्यामागे मी त्याला रोज न्हाऊ घालू लागले आणि तुमचं पितळ उघडं पडलं.

हॉस्पिटलचं पेनसुद्धा घरी न आणणारा माणूस, आणि लोखंडी उल्का चोरलीत? तिथला एकेक दगड संशोधनाचा, त्याला उघड्या हाताने शिवायचंही नाही, हे तुम्हीच मला कौतुकाने सांगितलं होतंत.

काल तुमच्या टीमलीडरला, हेलनला, फोन केला. आडूनआडून विचारलं, एखादा गुळगुळीत दगड सापडला होता का? ती हसलीच.

"तो? एका बाजूला छिद्र, आत चक्रासारखी नक्षी! मीच उचलला. त्या निळ्या बर्फावर काळं काही दिसलं की ते वरूनच पडलेलं, असं आम्ही धरून चालतो. लॅबमध्ये कळलं, ही उल्का नाहीच. अजून बाजूला ठेवलाय. का?"

"भेटून सांगते," म्हटलं आणि फोन ठेवला.

अहो, तुम्हाला वाटलं, खिशातून पडलेला देव बर्फात हरवला. तो तर हेलनच्या पेटीत बसून परत आला होता! एका शब्दाने मिळाला असता. पण त्याच्या जागी दुसरा खिशात लपवलात ना, मग विचारणार कोणत्या तोंडाने? चोराच्या मनात चांदणं!

सासूबाईंची भीती मला कळते. त्यांच्यासमोर माझीही बोबडी वळायची. पण त्या गेल्यावरही तुम्ही त्या दगडासमोर एकटे बसत राहिलात, आणि मी इथेच, स्वयंपाकघरात होते. मला का नाही सांगितलंत? जन्मभर मला संशयी म्हणालात. मग भरवसा कुणाचा कुणावर नव्हता, सांगा बघू! राग येतोय तुमचा, आणि रडूही येतंय.

तर ऐका. उद्या हेलनकडे जाते. तुमची चोरी स्टीलच्या डब्यात घालून परत करते. नाव तुमचंच सांगेन, कारणही सांगेन. आपला शाळिग्राम घरी आणून मनसोक्त न्हाऊ घालीन. आणि गुरुवारी निनादच्या हातात देताना सगळी हकिकत सांगेन, सुनेच्या देखत. नवऱ्याने गप्प बसून पूजा करायची आणि बायकोने दारातून बघत राहायचं, हे त्यांच्या घरात मी होऊ देणार नाही.

तुमची,
मॅग्नेट लावून बघणारी,
सुधा