कॉम्प्युटरचं घड्याळ खोटं असतं तर

प्रिय निकेश,

आपल्या संस्थेतला कोलू उद्या तुझ्याकडे घुग्घुसला चालला आहे, त्याच्या हाती हे पत्र देतो. फोनवर बोलताना तुझी आई कान लावून बाजूला बसते, म्हणून लिहितो. चौथीपर्यंतचं माझं शिक्षण, चुकलं ते सांभाळून घे.

आपल्या घरी ठेवलेल्या मच्छीमार संस्थेच्या कॉम्प्युटरचं घड्याळ बिघडलं आहे, असं आईने तुला सांगितलं. तू म्हणालास, शनिवारी ड्युटी सुटली की येतो आणि दुरुस्त करतो. ते काम झालं. मूल गावाहून कॉम्प्युटर दुरुस्त करणारा विनोद आला होता. त्याने डबा उघडून आतला नाण्याएवढा सेल बदलला. लाइन गेली की घड्याळ जुन्याच कुठल्या सालात पळायचं, ते आता पळत नाही. मी दोनदा बंद करून पाहिलं.

मासे चोरणारे सापडावेत म्हणून तलावाच्या पाळीवर तूच कॅमेरा लावलास, त्याची चित्रं याच कॉम्प्युटरवर दिसतात. त्यात वाघ दिसला, हे आईने सांगितलं तेव्हा तू हसलास. "बाबा तं पान हाललं तरी भितात," म्हणालास. खरं आहे, भितो. वनरक्षक पाहून गेले, गावात दवंडी झाली, अंधार पडल्यावर पाळीवर कोणी जात नाही. पण एक गोष्ट मी कोणालाच सांगितली नाही.

मागच्या खेपेला तू रात्री आलास, त्या रात्रीचं चित्र मी पाहिलं. पाळीवरून तुझी गाडी येते. खाली साल दोन हजार बारा. मला हसूच आलं, तेव्हा तू शाळेत होतास, सायकलवरून पडायचास. मग पुढच्या चित्रात, त्याच जागी वाघ येतो. खालच्या वेळेप्रमाणे तुझ्यामागून चार मिनिटांनी. चिखलातल्या तुझ्या चाकाच्या खुणेला नाक लावतो आणि आपल्या घराकडे पाहत उभा राहतो.

तेव्हापासून रोज तेच लावून पाहतो. आई विचारते, "काऊन जी, तेच तेच पाहून राह्यले?" मी पडदा बंद करतो. मनाला समजावत होतो, ज्या घड्याळाला साल कळत नाही त्याला मिनिटं काय कळणार? वाघ दुसऱ्याच कोणत्या रात्री आला असेल. विनोदला सहज विचारल्यासारखं विचारलं. तो म्हणाला, "काका, साल चुकते. एकदा चालू झालं की मिनिटं नाई चुकत." तो गेल्यावर मी ते चित्र पुन्हा लावलं.

म्हणून लिहितो, बाबू. घड्याळासाठी येऊ नको. यायचंच असेल तर रात्री मूलला रंजीताकडे थांब. बहीण आहे, दोन भाकरी जास्त टाकेल. ऊन चढल्यावर बसने ये. आईला यातलं काही कळू देऊ नको. शनिवारी अंधार पडला की मी पडद्यासमोर बसणार आहे. घड्याळ आता खरं सांगतं. त्यात मला तुझी गाडी दिसू देऊ नको.

तुझाच,
भित्रा बाबा