उरलेल्यांची टीम

३ ऑक्टोबर
बास्केटबॉल लीगमधल्या नव्या टीमची पहिली प्रॅक्टिस. नियम असा — जुन्या टीमनी आपल्या लाडक्या पोरी राखून ठेवायच्या, उरलेल्यांतून नव्या टीमने उचलायच्या. इतकी वर्षं खेळले, पण माझ्या टीमने मला राखलं नाही! जुन्या टीमचे सर म्हणाले, "मनाला लावून घेऊ नकोस गं. जागा झाली की बोलावतो." लावून घेतलंय. फोनही हातातून सुटत नाही.

४ ऑक्टोबर
नुसता सावळागोंधळ! मी "चार!" ओरडले. माझ्या जुन्या टीममध्ये चार म्हणजे बास्केटखाली धावायचं. इथे प्रत्येकीचा चार निराळा. एक कोपऱ्यात पळाली, एक मागे. आणि आमची सगळ्यांत उंच पोरगी, जिराफ, जागच्या जागी उभी! तिच्या जुन्या टीममध्ये चार म्हणजे थांबायचं. बॉल थेट तिच्या नाकावर.
आपले आकडे सोडायला कुणीच तयार नाही. मी तर मुळीच नाही.

२६ ऑक्टोबर
हरलो.

२ नोव्हेंबर
पुन्हा हरलो. घरी येऊन दार आपटलं. नवरा म्हणाला, "दाराने काय घोडं मारलंय तुझं?" लेक म्हणाली, "आई, तू जिंकणाऱ्या टीममध्ये जा ना." जाणारच आहे!

२१ नोव्हेंबर
जिराफने तोडगा काढला. "ताई, आकडेच नकोत. भाज्यांची नावं ठेवू. त्या तरी कुणाच्या टीमच्या नाहीत." आता मी भर कोर्टवर "कोबी!" ओरडते आणि चौघी बरोबर जागेवर! लोक खो खो हसतात. आजही हरलो, पण अगदी थोडक्यात. आज दार नाही आपटलं.

९ डिसेंबर
सरांचा फोन! त्यांच्या एकीचा गुडघा गेला. "ये परत." मी वाक्यही पुरं होऊ दिलं नाही — हो!
मग दिवसभर घरात येरझाऱ्या. हवं तेच मिळालं, तरी बॅग भरायला घेतली नाही.
जिराफ म्हणाली, "जा ताई. मीही गेले असते." खोटं बोलता येत नाही तिला, लगेच कळतं.

१० जानेवारी
उद्या जिराफच्या टीमशीच मॅच. सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "त्या भाज्यांचा अर्थ काय गं?" सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. ही माझीच टीम आहे, पगारही हीच देते.
सांगितलं. कोबी, मुळा, दोडका — सगळं. जेवण गेलं नाही.

११ जानेवारी
त्या जिंकल्या. पहिल्यांदाच! जिराफ "झारा!" ओरडली, मग "पातेलं!" — आमच्या पोरी बघतच राहिल्या. मी सांगणार हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं.
मी बाकावरून उठून टाळ्या वाजवत होते. सर बघत होते. थांबताच येईना.